६१७४ : देवळालीच्या मास्तरांचा आकडा

ऐकता ऐकता फोनवर कॅल्क्युलेटर उघडा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तेच अंक आधी उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच.

मी १९०५ घेतो. का, ते पुढे सांगतो.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता पुढे गेलात तरी ६१७४च येणार. तुमच्याही संख्येचं तेच होईल.

मला हे बेंगळुरूत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कळलं. एका मल्याळी मित्राने टिश्यूपेपरवर करून दाखवलं आणि विचारलं, "हे तुमच्याच नाशिकचे ना?" मी नाशिकचा, चार वर्षं बीटेक केलेला, देवळाली स्टेशन शेकडो वेळा पाहिलेला. आणि कापरेकर हे नाव मला माहीत नव्हतं. खरंच लाज वाटली.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, साल १९०५. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२९ला बीएस्सी झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पुढची पदवी नाही. १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला, १९५५मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त त्यावर लेख आला. तरी आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं.

त्या रात्री मी पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या. पुढची शून्यं धरून ०००० ते ९९९९, त्यातल्या सारख्या अंकांच्या दहा वगळल्या की उरतात ९९९०. सगळ्या पोचल्या. सातच्या वर पायऱ्या एकीलाही लागल्या नाहीत. प्रोग्राम क्षणात संपला, पण असं का होतं हे काही कळलं नाही.

ते कळलं कागदावर. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. वजाबाकीचं उत्तर एवढ्यावरच ठरतं. म्हणून पहिल्याच पायरीला ९९९० संख्यांची फक्त ५४ उत्तरं उरतात. चोपन्न संख्या तर वही-पेन्सिलने तपासता येतात!

कुणी म्हणेल, ही नुसती दशमान पद्धतीतली गंमत आहे. मान्य. तीन अंकांना ४९५ मिळतो, पाच अंकांना असा एकही आकडा नाही. पण गंमत म्हणून सोडून देण्याआधी एवढं बघा. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असं नाव दिलं. ६+१+७+४ = १८. आणि ६१७४ ला १८ ने भागलं की ३४३, म्हणजे बरोब्बर ७ चा घन.

वजाबाकी मी तिसरी-चौथीत शिकलो आणि तिथेच सोडून दिली. त्यात अजून शोधण्यासारखं काही असेल, असं मला कधी वाटलंच नाही. मास्तरांना वाटलं.

तुमचं जन्मवर्ष किती पायऱ्यांत पोचतं? मास्तरांच्या जन्मवर्षाला पुऱ्या सात लागल्या. मोजा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!