पर्यावरण पुरस्कार

पर्यावरणाचे रक्षण, संवर्धन व अभ्यास यांत विशेष कामगिरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना, अध्यापक-संशोधकांना आणि तरुण कार्यकर्त्यांना दिले जाणारे सन्मान. पदक, मानपत्र, रोख रक्कम किंवा पुढील कार्यासाठी अनुदान असे त्यांचे स्वरूप असते. साहित्य, विज्ञान किंवा शांतता यांसाठीच्या पुरस्कारांच्या मानाने हे पुरस्कार अर्वाचीन असून त्यांपैकी बहुतेक विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत व त्यानंतर सुरू झाले. पूर्ण झालेल्या कार्याची पावती देणे, अपुऱ्या कार्यास साहाय्य करणे आणि कार्यकर्त्यास लोकमताचे पाठबळ मिळवून देणे, असे त्यांचे तीन हेतू सांगता येतील. त्यांपैकी तिसरा हेतू कितपत साध्य होतो, हा या पुरस्कारांच्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रश्न होय.

पार्श्वभूमी : आल्फ्रेड नोबेल याच्या मृत्युपत्रात पर्यावरणाचा उल्लेख नाही. त्याच्या काळी निसर्गरक्षणाची कल्पना मुख्यतः राखीव वने व वन्य प्राणी यांपुरती सीमित होती. दुसऱ्या महायुद्धानंतर औद्योगिक प्रदूषण, कीटकनाशकांचा वापर आणि मोठी धरणे यांचे परिणाम दिसू लागले, तेव्हा या विषयास व्यापक सामाजिक स्वरूप आले. २२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पहिला वसुंधरा दिन पाळण्यात आला. त्यात शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा सहभाग फार मोठा होता. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने शालेय विद्यार्थ्यांसाठी अध्यक्षांच्या नावे युवक पुरस्कार सुरू केला. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रसंघाची मानवी पर्यावरण परिषद भरली व तिच्या शिफारशीवरून संयुक्त राष्ट्रसंघ पर्यावरण कार्यक्रमाची स्थापना झाली. पुढे आलेल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय पुरस्कारांचे मूळ या दोन-तीन वर्षांतील घडामोडींत सापडते.

विद्वानांचे पुरस्कार : जॉन टायलर व ॲलिस टायलर या अमेरिकन दांपत्याने १९७३ मध्ये टायलर पारितोषिकाची स्थापना केली. त्याचे प्रशासन सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आले. १९७४ मधील पहिल्या तीन मानकऱ्यांत आरी यान हागेन-स्मिट, जी. इव्हलिन हचिन्सन आणि मॉरिस स्ट्राँग यांचा समावेश होता. हागेन-स्मिट यांनी लॉस अँजेल्सवर पसरणारे धुरके मोटारींच्या धुरातील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे प्रयोगाने सिद्ध केले. हचिन्सन हे येल विद्यापीठातील सरोवरविज्ञानाचे अध्यापक असून १९३२ मध्ये त्यांनी लडाखमधील सरोवरांची पाहणी केली होती. स्ट्राँग हे स्टॉकहोम परिषदेचे महासचिव होते. प्रयोगशाळा, अध्यापन व आंतरराष्ट्रीय प्रशासन ही तिन्ही क्षेत्रे एकाच वर्षी एकत्र आल्याने पर्यावरणाचा अभ्यास एका विद्याशाखेत मावणारा नाही, ही भूमिका आरंभीच स्पष्ट झाली. भारतीयांपैकी एम्. एस्. स्वामीनाथन यांना १९९१ मध्ये आणि माधव गाडगीळ यांना जेन लुबचेंको यांच्यासमवेत २०१५ मध्ये हे पारितोषिक मिळाले.

मूळचे पुण्याचे असलेले गाडगीळ हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परिस्थितिविज्ञान केंद्राचे संस्थापक. भारत सरकारने २०१० मध्ये नेमलेल्या पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान तज्ञगटाचे ते अध्यक्ष होते. या गटाने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात संवेदनशील क्षेत्रांविषयीचे निर्णय ग्रामसभांच्या सहभागाने व्हावेत, असे सुचविले होते. अहवाल जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. त्याचा पुनर्विचार करण्यासाठी के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमण्यात आला. अहवाल बाजूला पडलेला असतानाच त्याच्या मुख्य लेखकाचा परदेशात गौरव झाला. विद्वानाचा सन्मान आणि त्याच्या शिफारशींची अंमलबजावणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

पाण्याच्या क्षेत्रातील कार्यासाठी १९९१ पासून स्टॉकहोम जल पारितोषिक दिले जाते. महाराष्ट्रातील जलतज्ञ माधव चितळे यांना ते १९९३ मध्ये, तर राजस्थानातील राजेंद्रसिंह यांना २०१५ मध्ये मिळाले. पहिल्याचे कार्य शासकीय जलव्यवस्थापनातील, तर दुसऱ्याचे ग्रामस्थांच्या श्रमातून जोहड म्हणजे मातीचे बांध उभारण्याचे होते.

कार्यकर्त्यांचे पुरस्कार : याकोब फोन यूक्सक्यूल याने परिस्थितिविज्ञान व दारिद्र्यनिवारण यांसाठी नवी पारितोषिके सुरू करावीत, असा प्रस्ताव नोबेल प्रतिष्ठानापुढे मांडला होता. तो नाकारला गेला, तेव्हा त्याने स्वतःचा मौल्यवान टपालतिकिटांचा संग्रह विकून १९८० मध्ये राइट लाइव्हलीहूड पारितोषिक सुरू केले. १९८७ मध्ये चिपको आंदोलनास हा सन्मान लाभला. गढवालमधील या आंदोलनाचा आरंभ १९७३ मध्ये झाला असून त्यात गावातील स्त्रियांबरोबर विद्यार्थ्यांचाही भाग होता. १९७४ मध्ये तरुणांच्या एका गटाने अस्कोट ते आराकोट अशी पदयात्रा करून पहाडी गावांची स्थिती जाणून घेतली. १९९६ मध्ये हेच पारितोषिक केरळ शास्त्र साहित्य परिषदेस मिळाले. शिक्षक व विज्ञानलेखक यांच्या या संस्थेने सायलेंट व्हॅली येथील नियोजित जलविद्युत् प्रकल्पाविरुद्ध लोकमत जागृत केले होते. प्रकल्प रद्द होऊन १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. अध्यापकवर्गाने शासकीय निर्णय बदलवून घेतल्याचे हे भारतातील ठळक उदाहरण होय.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील रिचर्ड व ऱ्होडा गोल्डमन या दांपत्याने १९८९ मध्ये स्थापन केलेले गोल्डमन पर्यावरण पारितोषिक १९९० पासून देण्यात येते. जगाच्या सहा विभागांतील तळागाळातील कार्यकर्त्यांची त्यासाठी निवड होते. स्वतः अर्ज करण्याची सोय त्यात नाही. केन्याच्या वांगारी मथाई यांना ते १९९१ मध्ये मिळाले आणि २००४ मध्ये त्या नोबेल शांतता पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून शिक्षण घेतलेल्या मेधा पाटकर यांना ते १९९२ मध्ये मिळाले. त्याआधी १९९१ मध्ये नर्मदा बचाव आंदोलनासाठी त्यांना व बाबा आमटे यांना राइट लाइव्हलीहूड पारितोषिक मिळाले होते. १९९३ मध्ये सरदार सरोवर प्रकल्पासाठीचे जागतिक बँकेचे उर्वरित कर्ज भारत सरकारने नाकारले. धरणाचे काम मात्र पुढे चालू राहिले व २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. १९९६ चे मानकरी विधिज्ञ एम्. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शिक्षणक्रमात पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. त्याचा परिणाम देशातील प्रत्येक शाळेवर झाला.

पुरस्कार आणि संरक्षण : आंतरराष्ट्रीय कीर्तीमुळे कार्यकर्त्याच्या जिवास संरक्षण मिळते, अशी पुरस्कारदात्यांची अपेक्षा असते. ती नेहमी फलद्रूप झालेली नाही. ब्राझीलमधील रबर गोळा करणाऱ्या मजुरांचा नेता शिकू मेंडिस यास १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ पर्यावरण कार्यक्रमाच्या ‘ग्लोबल ५००’ या सन्मानसूचीत स्थान मिळाले. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याच्या घरीच त्याची हत्या झाली. नायजेरियन लेखक केन सारो-विवा यास १९९५ मध्ये गोल्डमन पारितोषिक मिळाले, तेव्हा तो तुरुंगात होता. जगभरातून विरोध होऊनही १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यास फाशी देण्यात आली. होंडुरासमधील बेर्ता कासेरेस यांना २०१५ मध्ये तेच पारितोषिक मिळाले आणि मार्च २०१६ मध्ये त्यांची हत्या झाली. पुरस्काराने माणूस दूरच्या जगास परिचित होतो. त्याच्या गावातील विरोधक, ठेकेदार व सत्ताधारी यांचे बळ त्यामुळे कमी होतेच, असे नाही.

विद्यार्थी व युवकांचे पुरस्कार : ‘ग्लोबल ५००’ सन्मान १९८७ ते २००३ या काळात दिला गेला. कॅनडातील सेव्हर्न कलिस-सुझुकी या मुलीने नवव्या वर्षी मुलांची पर्यावरण संघटना स्थापन केली आणि १९९२ च्या रिओ दे जानेरो येथील वसुंधरा परिषदेत बाराव्या वर्षी भाषण केले. १९९३ मध्ये तिचे नाव या सूचीत आले. १९९७ पासून दिल्या जाणाऱ्या स्टॉकहोम कनिष्ठ जल पारितोषिकासाठी १५ ते २० वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांचे संशोधनप्रकल्प प्रथम राष्ट्रीय स्पर्धांत तपासले जातात. अमेरिकेत डेव्हिड ब्रोअर या निसर्गरक्षकाच्या नावाने २००० मध्ये युवक पुरस्कार सुरू झाले. तेथे संशोधनापेक्षा संघटनकौशल्यास अधिक महत्त्व दिले जाते.

संयुक्त राष्ट्रसंघ पर्यावरण कार्यक्रमाने २००५ मध्ये ‘चँपियन्स ऑफ द अर्थ’ हा पुरस्कार सुरू केला. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावरील कचरा नागरिकांच्या साहाय्याने हटविणारे तरुण वकील अफरोज शाह यांना तो २०१६ मध्ये मिळाला. २०१७ मध्ये १८ ते ३० वर्षे वयोगटासाठी त्याची युवक शाखा सुरू झाली. कोव्हेस्ट्रो या प्लॅस्टिक-उद्योगातील कंपनीचे तिला साहाय्य होते. अशा साहाय्यामुळे होतकरू तरुणांच्या हाती भांडवल येते. परंतु प्रदूषणाशी ज्या उद्योगाचा संबंध आहे, त्याच उद्योगाच्या पैशातून सन्मान व्हावा काय, हा प्रश्नही त्यातून उद्‌भवतो. पिकांच्या अवशेषांपासून इंधन व खत बनविणारे यंत्र तयार करणारे विद्युत मोहन हे २०२० च्या मानकऱ्यांपैकी एक होत.

स्वीडनमध्ये २०१६ पासून मुलांसाठी हवामान पारितोषिक दिले जाते. तमिळनाडूतील तिरुवन्नामलई येथील शाळकरी मुलगी विनिशा उमाशंकर हिला २०२० मध्ये ते मिळाले. रस्त्यावर कपड्यांना इस्त्री करणारे लोक कोळसा वापरतात. त्याऐवजी सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी तिने योजिली होती. २०१८ मध्ये याच पारितोषिकासाठी नामांकन झाले असता ग्रेटा थुनबर्ग हिने ते नाकारले होते. अंतिम फेरीतील अनेक मुलांना समारंभासाठी विमानप्रवास करावा लागेल, हे तिचे कारण होते. पुढे २०१९ मध्ये तिने राइट लाइव्हलीहूड पारितोषिक स्वीकारले, मात्र त्याच वर्षी नॉर्डिक परिषदेचे पर्यावरण पारितोषिक नाकारले. चळवळीस आणखी पुरस्कारांची नव्हे, तर राज्यकर्त्यांनी विज्ञानाचे ऐकण्याची गरज आहे, असे तिचे म्हणणे होते. ज्यांच्या धोरणास विरोध आहे, त्यांच्याच हातून मान घेण्याची अडचण येथे उघड झाली.

भारतातील राजमान्य पुरस्कार : केंद्र शासनाने १९८६ मध्ये इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार व १९८७ मध्ये इंदिरा गांधी पर्यावरण पुरस्कार सुरू केले. १७३० मध्ये जोधपूरजवळील खेजडली येथे खेजडीची झाडे वाचविताना ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. त्यांत अग्रणी असलेल्या अमृतादेवींच्या नावेही एक पुरस्कार दिला जातो. महाराष्ट्र शासनाच्या वनश्री पुरस्कारात व्यक्ती व ग्रामपंचायती यांबरोबर शैक्षणिक संस्थांचाही विचार होतो. शाळेच्या आवारातील किंवा गावच्या गायरानातील झाडे जगविणारे विद्यार्थी व शिक्षक अशा पुरस्कारांमुळे प्रथमच सार्वजनिक नोंदीत आले.

मूल्यमापन : गेल्या सुमारे पन्नास वर्षांत पर्यावरण पुरस्कारांचा भर विद्वानाकडून कार्यकर्त्याकडे आणि प्रौढाकडून विद्यार्थ्याकडे सरकत गेला. त्यामुळे स्थानिक ज्ञान, स्त्रियांचा पुढाकार आणि मुलांची कल्पकता यांस प्रतिष्ठा मिळाली. उलट, एका व्यक्तीची निवड केल्याने सामूहिक श्रम झाकले जातात, हा दोषही त्यांत आहे. चिपको किंवा शास्त्र साहित्य परिषद यांस संघटना म्हणून मिळालेले पुरस्कार या दृष्टीने अधिक यथार्थ वाटतात. पुरस्काराची खरी कसोटी समारंभानंतर लागते. लावलेले झाड तिसऱ्या उन्हाळ्यात उभे आहे काय, अहवालातील शिफारस कायद्यात उतरली काय आणि सन्मानित कार्यकर्ता आपल्या गावी निर्भयपणे राहू शकतो काय, या प्रश्नांच्या उत्तरांवरच त्याचे मोल ठरते.