'बेरड' ही शिवी नाही, जमातीचं नाव आहे

"काय बेरड माणूस आहे!" हे वाक्य सीमाभागात येता-जाता कानावर पडतं. कितीही बोला, ज्याला काही लागत नाही असा निगरगट्ट, निलाजरा माणूस, एवढाच अर्थ बोलणाऱ्याच्या मनात असतो. पण बेरड ही इथलीच एक जमात आहे. बेळगाव, विजापूर, बागलकोटपासून सांगली, कोल्हापूर, सोलापूरपर्यंत हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शाळेत जाणाऱ्या बेरड पोराला आपल्या जमातीचं नाव पहिल्यांदा शिवी म्हणून ऐकावं लागतं, आणि गोष्ट तिथंच सुरू होते.

नाव आलं कुठून?

कानडीत 'बेड' म्हणजे शिकारी. बेड, बेडर, बेरड ही एकाच नावाची रूपं. नायक, वाल्मिकी, तळवार या नावांनीही हे लोक ओळखले जातात. गावची राखण करणं, म्हणजे तळवारकी, हे त्यांचं जुनं काम. सुरपूरला त्यांचं स्वतःचं संस्थान होतं. १७०५ मध्ये औरंगजेबाला वागिणगेऱ्याचा किल्ला घ्यायला स्वतः जावं लागलं, तो किल्ला सुरपूरच्या बेरडांचाच. १८५७ मध्ये इंग्रजांनी हत्यारं जमा करायला सांगितल्यावर मुधोळजवळच्या हलगलीचे बेरड उठले. गाव जाळलं गेलं, अनेकांना फाशी झाली. म्हणजे ज्यांना आपण 'बेरड' म्हणून हिणवतो, त्यांचा इतिहास राखणदारांचा आणि लढणाऱ्यांचा आहे.

डाग कुणी लावला?

१८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडे होता. १९११ च्या कायद्यानं तो देशभर लागू करायची वाट मोकळी झाली. एखादी जमात यादीत गेली की त्यात जन्मलेलं मूलही संशयितच. पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडताना परवानगी, बोटांचे ठसे असा हा कारभार होता. आपल्याला यादीत का घातलं, हे कोर्टात विचारायचीही सोय नव्हती. विजापूर, हुबळी, सोलापूर इथं तारेच्या कुंपणाच्या वसाहती, म्हणजे सेटलमेंट, उभ्या राहिल्या. बेरडांसह कितीतरी जमाती या कायद्याच्या कचाट्यात सापडल्या.

सरकारी दप्तर आणि लोकांची आठवण यांत किती फरक असतो, हे जत तालुक्यातल्या सिंदूरच्या लक्ष्मणाकडे पाहून कळतं. पोलिसांच्या लेखी तो दरोडेखोर. गोरगरिबांच्या लेखी मात्र नायक, इतका की त्याच्यावरची कानडी नाटकं गावोगाव चालली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण पाठोपाठ राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. कागदावर जमातीऐवजी माणूस आला, तरी चोरी झाली की आधी वस्तीवर जायची पोलिसांची सवय सुटली नाही.

दोन वाटा

हा डाग झटकायला लोकांनी दोन वाटा धरल्या. पहिली, नाव बदलायचं. कुणी नायक लावतं, कुणी वाल्मिकी. यात चूक काहीच नाही. फक्त दाखल्यांची कटकट होते. जातीचा दाखला आणि पडताळणी जुन्या कागदांवरच्या नोंदीवर चालते. आजोबांचं एक, नातवाचं दुसरं असलं की हेलपाटे सुरू.

दुसरी वाट, नाव ठेवायचं आणि त्याचा अर्थ बदलायचा. बेळगावजवळच्या यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती यांनी हीच धरली. आपल्या आत्मकथनाला त्यांनी 'बेरड' हेच नाव दिलं. पुढे निपाणीतून त्यांनी देवदासींच्या पुनर्वसनासाठी मोठं काम केलं. २०१७ मध्ये ते गेले. लक्ष्मण गायकवाड यांनीही 'उचल्या' हेच हिणवणारं नाव पुस्तकावर घातलं. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सीमेच्या दोन बाजू

कर्नाटकात नायक, बेड, बेडर, वाल्मिकी हे अनुसूचित जमातींत येतात. २०२० मध्ये तळवार आणि परिवार ही नावंही जोडली गेली. महाराष्ट्रात मात्र बेरड हे १४ विमुक्त जातींपैकी एक आहेत आणि या गटाला ३ टक्के आरक्षण आहे. परिणाम साधा नाही. जातीचं नाव घेऊन चारचौघांत अपमान केला तर कर्नाटकात ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार मिळू शकतो. महाराष्ट्रात विमुक्तांना तो कायदा लागू नाही. सोयरीक सीमेच्या अलीकडे-पलीकडे, शिवी तीच, पण दाद मागायची दारं वेगळी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं तुरुंगांतल्या जातीवर आधारित कामवाटपाचे नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींच्या लोकांना जन्मानंच सराईत गुन्हेगार धरणं चुकीचं आहे, हेही त्या निकालानं स्पष्ट केलं. पत्रकार सुकन्या शांता यांनी ही याचिका केली होती.

आपल्या हातात काय?

कोर्टाचा हुकूम आपल्या जिभेवर चालत नाही. 'भामटा' हा शब्द रोजच्या बातम्यांत ठग या अर्थानं छापला जातो, आणि भामटा हीसुद्धा विमुक्त जातींच्या यादीतली एक जात आहे. चोर, ठग, लबाड, निलाजरा, कोडगा, निगरगट्ट असे शब्द मराठीत पडून आहेत. ते वापरायला पैसे पडत नाहीत. गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचं नाव-गाव पुरतं, 'अमक्या जातीची टोळी' लिहायचं कारण नसतं.

नाव ठेवायचं की बदलायचं, हे त्या जमातीनं ठरवावं. त्या नावाची शिवी करायची नाही, एवढं मात्र बाकीच्यांनी ठरवायचं आहे.