चौकशी न झालेला ऑगस्ट

1942 साली भंडारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. गोंदिया अजून वेगळा व्हायचा होता, तो 1999 मध्ये झाला. त्या ऑगस्टमध्ये तुमसरला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. 14 ऑगस्टची ही गोष्ट. आमच्या जिल्ह्यात शाळा शिकलेल्या माणसाला एवढे ठाऊक असते. त्यापुढे विचारले तर बहुतेक जण स्मारकाकडे बोट दाखवतात.

दोनच दिवसांनी, 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी जे घडले त्यावर मात्र पुढे पाच महिने देशभर वाद चालला. जागा चिमूर, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले गाव. आमच्या पवनीपासून ते फार लांब नाही. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गाव भारलेले होते. मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा गेला. मग जमाव खवळला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई मारले गेले. ही नावे मी मुद्दाम लिहितो आहे. 15 ऑगस्टच्या भाषणांत ती कधी ऐकू येत नाहीत. मारले गेलेले हे अधिकारी गोरे नव्हते, इथलेच होते.

रस्ते आणि पूल तोडलेले असल्यामुळे फौज 19 ऑगस्टला पोहोचली. गावातले पुरुष एक तर पळालेले, नाही तर पकडलेले. घरांत बायका, पोरे आणि म्हातारी माणसे. गोऱ्या सैनिकांनी घरे लुटली आणि बायकांवर अत्याचार केले, ही गवाही इथून सुरू होते. गावावर सामुदायिक दंड बसला तो वेगळाच.

ही गवाही बाहेर आणली कोणी, हे पाहण्यासारखे आहे. काँग्रेसचे पुढारी सगळे तुरुंगात होते. चिमूरला जाऊन बायकांचे म्हणणे ऐकणाऱ्यांत ठळक नाव डॉ. बा. शि. मुंजे यांचे. मुंजे हिंदू महासभेचे, आणि महासभा 1942 च्या आंदोलनाच्या विरोधात होती. त्यांच्या राजकारणाशी माझा शून्य संबंध, पण साक्षीदार म्हणून त्यांचे वजन मला मान्य आहे. काँग्रेसच्या चळवळीला उजाळा देण्यात त्यांचा काहीच फायदा नव्हता. नागपूरच्या काही स्त्रियाही गेल्या आणि त्यांनी बायकांशी बोलून जबान्या घेतल्या.

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने आरोप निराधार ठरवले आणि चौकशी नाकारली. प्रांतात तेव्हा लोकांचे मंत्रिमंडळ नव्हते. 1939 च्या राजीनाम्यानंतर गव्हर्नरची हुकूमत होती आणि गव्हर्नर होते सर हेन्री ट्वायनम. म्हणजे ज्या सरकारने फौज पाठवली, त्याच सरकारने फौजेवरचे आरोप खोटे असल्याचा निकाल दिला, तोही साक्षीपुरावा न घेता. बायका खोटे बोलत असतील तर ते सिद्ध करण्याचा सोपा मार्ग चौकशी हाच होता. आणि खेड्यातली बाई, 1942 सालातली, अशी गोष्ट परक्या माणसांपुढे तोंडाने काढते तेव्हा तिच्या पदरात काय पडणार असते? बदनामीच. त्यामुळे या दोन कैफियतींपैकी कोणती खरी मानायची याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी हाच प्रश्न लावून धरला. ते दिल्लीला माधव श्रीहरी अणे यांच्या दारी गेले. अणे यवतमाळचे, लोकनायक म्हणून विदर्भात मान, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात. भन्साळींचे मागणे एवढेच होते, की चिमूरची चौकशी करा. त्यांना दिल्लीतून परत पाठवण्यात आले. 11 नोव्हेंबर 1942 ला सुरू झालेला त्यांचा उपवास 12 जानेवारी 1943 ला, त्रेसष्टाव्या दिवशी सुटला. मध्ये ते चिमूरला जायला निघत आणि त्यांना धरून मागे आणले जाई.

सरकारने या उपवासाची बातमी छापायलाच बंदी केली. निषेध म्हणून 6 जानेवारीला देशातल्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक काढले नाहीत. शेवटी कन्हैयालाल मुनशी आणि नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मध्ये पडले, बातम्यांवरची बंदी उठली, उपवास सुटला. भन्साळींनी मागितली होती तशी चौकशी मात्र झाली नाही.

पुढच्याच महिन्यात दिल्ली सरकारने दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका छापली. टी. विकेंडन नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल तर गुप्तच ठेवला. तो पुस्तकरूपाने लोकांपुढे यायला 1976 उजाडले. सरकारची बाजू छापखान्यातून निघत होती आणि चिमूरच्या बायकांची बाजू छापायला मनाई होती. इतिहासाची साधने म्हणून आज दोन्ही समोर ठेवताना हा फरक विसरता येत नाही. फाईल जाडजूड असते म्हणून ती जास्त खरी ठरत नाही.

आता आपल्याबद्दलची कैफियत. मुस्लिम लीगने 20 ऑगस्ट 1942 ला मुंबईत ठराव करून मुसलमानांना आंदोलनापासून दूर राहायला सांगितले. सरकारला हे सोयीचेच होते. अनेक ठिकाणी सामुदायिक दंडातून मुसलमानांना वगळण्यात आले. दंड भरणारा शेजारी आणि न भरणारा शेजारी यांच्यात पुढे काय होते, हे सांगायला विद्वान लागत नाही. बरेच मुसलमान खरोखर दूर राहिले, हेही खरे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आकड्यांनी ते झाकू नये. दर ऑगस्टला मला असे दहा तरी संदेश येतात आणि त्यातल्या एकाही आकड्याखाली तो कुठून आला ते लिहिलेले नसते.

पण नागपंचमीच्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले, गोळीबार झाला, जमावाने फौजदाराला आणि शिपायांना मारले. आष्टीच्या हुतात्म्यांमध्ये डॉ. गोविंद मालपे आहेत, पंचम गोंड आहेत आणि रशीद खान आहेत. ‘भारत छोडो’ हे शब्द सुचवणारे युसूफ मेहरअली, तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद. ही मोठी नावे आपल्याला पाठ असतात. रशीद खान यांचे नाव भंडाऱ्यात मी ज्या ज्या मुस्लिम तरुणांना विचारले, त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. दंडाच्या याद्या करणाऱ्या सरकारच्या हिशेबात असा माणूस बसत नव्हता, आणि आपल्याही हिशेबात तो बसलेला नाही.

आष्टी-चिमूरच्या सात जणांची फाशी 1945 मध्ये जन्मठेपेत बदलली गेली. त्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी केलेल्या खटपटीवर स्वतंत्र लिहायला हवे.

तुमसरला कुणी भन्साळी मिळाले नाहीत. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर हुतात्मा स्मारकांची योजना निघाली, त्यातून अशा गावांच्या नावांना निदान दगड मिळाले. पण गोळी का झाडली, हुकूम कोणी दिला, जमाव किती होता, हे प्रश्न दगडावर कोरलेले नसतात. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीच्या पुढे आहेत. तुमसर, मोहाडी, पवनीकडे अशी माणसे अजून घरोघरी नसली तरी कुठे कुठे आहेत. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू ठेवा. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही उतरवून घ्या.