अनवाणी पायांना सापडलेला पक्षी

मॉरिशसच्या सहलींची पत्रके आता आपल्या गावांतूनही वाटली जातात. इंदूर असो, बेळगाव असो की बडोदे, ओळखीपाळखीच्या पंधरा-वीस जणांचा गट जमतो, बरोबर वाटाड्या असतो आणि आठवड्याभरात बेट पाहून होते. समुद्र, शामारेलची सात रंगांची माती, गंगातलाव, एक दिवस वन्यजीवांसाठी आणि एक दुपार खेड्यातल्या घरी जेवायला. या कार्यक्रमाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. वाटाड्या जे दाखवतो ते बहुधा खरेच असते. पण वन्यजीवांचा दिवस आणि खेड्याची दुपार कार्यक्रमपत्रिकेत वेगवेगळ्या रकान्यांत असली, तरी बेटाच्या इतिहासात ती तशी वेगळी नाहीत. ती जिथे एकमेकांत मिसळतात ती जागा सहसा बसच्या वाटेवर येत नाही. तिथे तुम्हाला नेऊन आणावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम पोर्ट लुईच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जाऊ. तिथे डोडोचा एक सांगाडा आहे. एकाच पक्ष्याची जवळजवळ सगळी हाडे असलेला असा सांगाडा जगात दुर्मीळ. विसाव्या शतकाच्या आरंभी एतियेन तिरिऊ नावाच्या एका न्हाव्याने तो बेटावरच्या डोंगरकपारीत शोधून काढला. हजामतीचा धंदा सांभाळून हा गृहस्थ डोंगर धुंडाळत असे आणि आज त्याचे नाव शास्त्रज्ञांच्या लेखांत आदराने घेतले जाते. हे लक्षात असू द्या, कारण पुढे जी हकिकत सांगायची आहे ती याच्या उलट आहे.

डच खलाशी १५९८ साली या निर्मनुष्य बेटावर उतरले. त्यांनी राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाचे नाव ठेवले. न उडणारा, माणसाला न भिणारा तो पक्षी त्यांनी पाहिला आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत तो नामशेष झाला. शेवटचे विश्वसनीय दर्शन १६६२ सालचे मानतात. दोष केवळ खलाशांच्या भुकेचा नव्हता. त्यांच्या जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी जमिनीवरची अंडी शिल्लक ठेवली नाहीत. पुढे दीडशे वर्षांनी युरोपात डोडोचे इतके थोडे अवशेष उरले होते, की असा पक्षी खरोखर होता का, अशीच काहींना शंका येऊ लागली.

ती शंका पुरती मिटली १८६५ साली. बेटाच्या आग्नेय भागात, माएबूर गावाजवळच्या एका उसाच्या मळ्यात ‘मार ओ सोंज’ नावाची दलदल आहे. तुमचे विमान जिथे उतरते त्या विमानतळाला ती जवळजवळ खेटूनच आहे. विमानाच्या खिडकीतून मात्र कोणी तिच्याकडे बघत नाही. तिथे डोडोची हाडे कोणी शोधली याच्या दोन हकिकती आहेत. माएबूरचा शाळामास्तर जॉर्ज क्लार्क याने स्वतःची लिहिली. हॅरी हिगिन्सन नावाच्या रेल्वेच्या इंजिनियरने आपली पुष्कळ वर्षांनी सांगितली. पहिला मान कोणाचा, यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे.

मला त्या वादापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही हकिकतींत हाडे हाताळणारे लोक तेच आहेत. हिगिन्सन सांगतो की काही कुली दलदलीतली काळी कुजकट माती उपसत होते आणि मिळालेल्या हाडांचे ढीग बाजूला रचत होते. ते त्याने जाता जाता पाहिले. क्लार्क सांगतो की त्याने काही कुल्यांना दलदलीच्या मध्यभागी पाण्यात उतरवले. हाताने चिखल उपसणे शक्य नव्हते, म्हणून ते अनवाणी पायांनी तळ चाचपडू लागले. पायाला कठीण काही लागले की वाकून वर काढायचे. डोडोची नडगी आणि तिच्यानंतरची हाडे अशी वर आली. ती लंडनला गेली, रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञाने १८६६ साली त्यांवर प्रबंध लिहिला, काही हाडे लिलावात विकली गेली आणि कित्येक देशांच्या संग्रहालयांत पोहोचली.

‘कुली’ हा शब्द त्या काळच्या मॉरिशसमध्ये हिंदी मजुराखेरीज दुसऱ्या कोणाला क्वचितच लावला जाई. क्लार्कने आपल्या लेखात माणसांना आणि दलदलीच्या खोलीला जागा दिली आहे, पण त्या माणसांचे एकही नाव दिलेले नाही. न्हाव्याचे नाव राहिले, मास्तराचे राहिले, इंजिनियरचेही राहिले. ज्यांच्या तळपायाला डोडो प्रथम लागला त्यांचे राहिले नाही.

हे लोक तिथे कसे पोहोचले, ते आता थोडक्यात. १८३५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते, आणि त्याची तजवीज त्यांनी आधीच सुरू केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. तिथून १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर या एका बेटावर आले. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि सर्वांत थोडे मुंबईहून. त्या थोड्यांतलेच आपले लोक, बरेचसे रत्नागिरीकडचे. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या दगडी पायऱ्या, ज्यांना आज आप्रवासी घाट म्हणतात, त्या जवळजवळ सर्व सहलींत दाखवतात. तिथे जरूर उभे राहा.

या बेटावर पाहुणा म्हणून हिंडणे ही गोष्ट नवी नाही. चार्ल्स डार्विनही इथे असाच दहा-अकरा दिवसांचा प्रवासी होता, १८३६ च्या एप्रिल-मे महिन्यांत. बेटाचा मोजणी अधिकारी कॅप्टन लॉइड त्याचा वाटाड्या झाला आणि बेटावर जो एकुलता एक हत्ती होता त्यावर त्याला बसवून थोडी वाट पार करवली. डार्विनने प्रवाळ पाहिले, डोंगर चढला, आणि आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. रस्त्यांवर काम करणारे हिंदुस्थानातले जन्मठेपेचे कैदी त्याला दिसले, सुमारे ८०० होते. त्यांच्या चेहऱ्यांची आणि टापटिपीची त्याच्यावर छाप पडली. हे कैदी बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून पाठवलेले असत. ज्या रस्त्यांवरून पाहुणे बेट पाहत, ते बांधणाऱ्यांत तेही होते. साठ वर्षांनी, १८९६ साली, मार्क ट्वेन आला. स्वर्ग म्हणे मॉरिशसवरूनच बेतला, हे वाक्य सहलीच्या पत्रकांत त्याच्या नावावर हमखास सापडते. त्याने ते एका स्थानिकाच्या तोंडी घातले होते, आणि दुसऱ्याने ते लगेच खोडून काढल्याचेही तिथेच लिहिले होते. पत्रकांत दुसरा माणूस येत नाही, इतकेच.

बेटभर मोकळे हिंडायला कोणाला मिळे? दलदलीत हाडे सापडली त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ साली, मजुरांसाठी नवा कायदा झाला. करार संपवून मोकळा झालेला माणूससुद्धा स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगल्याशिवाय हिंडू शकत नसे. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायचे तर पोलिसांचा पास लागे. तो नसला की भटक्या म्हणून अटक. पास हरवला तरी तेच, आणि नवा काढायला पैसे. आडॉल्फ द प्लेवित्झ या मळ्यावरच्या गृहस्थाने १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांच्या वतीने या जाचाविरुद्ध अर्ज केला. मळेवाले त्याच्यावर चवताळले, पण लंडनहून शाही आयोग आला आणि १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पासाचा जाच खरा होता, हे त्या अहवालाने मान्य केले. म्हणजे तुम्ही आज अर्ध्या दिवसात बसने ओलांडता ते अंतर ओलांडायला मार ओ सोंजच्या चिखलात उतरलेल्या माणसाला फोटो आणि शिक्का लागला असता.

आता वन्यजीवांचा दिवस. माएबूरच्या किनाऱ्याजवळ ‘ईल ओ झेग्रेत’ नावाचे अवघे २६ हेक्टरांचे प्रवाळी बेट आहे. १९६५ पासून ते राखीव आहे, आणि तिथे वाटाड्याशिवाय जाता येत नाही. मला सबंध सहलीत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मुख्य बेटावरचे मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. आधी डचांनी आबनूस तोडला, नंतर फ्रेंच आणि इंग्रज अमलात उसाने बाकीची जमीन घेतली. या छोट्या बेटावर स्वयंसेवी संस्थेने गेली काही दशके परकी झाडे उपटून, उंदीर संपवून, मूळची झाडे लावून जुने जंगल पुन्हा उभे करायचा खटाटोप चालवला आहे. १९९० च्या सुमारास गुलाबी कबूतर रानात दहाच्या आसपास उरले होते. आज ते काही शेकड्यांत आहे. मॉरिशसचा केस्ट्रेल ससाणा तर १९७४ साली फक्त चार उरल्याची नोंद होती. तोही सावरला, पण मुख्य बेटावर.

तिथली मोठी कासवे पाहा. ती मूळची इथली नाहीत. इथली कासवे डोडोसारखीच संपली, म्हणून सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटावरची त्यांची नातेवाईक आणून सोडली. ती आबनुसाची फळे खातात आणि बिया विष्ठेतून जागोजाग पसरवतात. संपलेल्या कासवांचे काम परक्या कासवांवर सोपवले आहे. गटातले काहीजण तेवढ्यात कासवाशेजारी फोटो काढून घेतात, वाटाड्या थांबतो. त्याला याची सवय असते.

२०२० च्या जुलैत ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज याच किनाऱ्यावर खडकात रुतले आणि ऑगस्टमध्ये त्याचे तेल समुद्रात पसरले. हे छोटे बेट अगदी जवळ. सरकारी मदतीची वाट न पाहता माएबूरच्या आणि आसपासच्या गावांतले लोक धक्क्यावर जमले. त्यांनी कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट ठासले, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या लावल्या आणि तेल अडवायला त्या पाण्यात सोडल्या. ज्या उसाने हे जंगल खाल्ले त्याच उसाचे पाचट ते वाचवायला कामी आले. पाचट कसे हाताळावे हे तिथल्या लोकांना शिकवावे लागले नसेल.

आणि खेड्याची दुपार. वाटाड्याला सांगून ती शक्यतो पश्चिमेकडे घ्या: कास्कावेल, हेन्रिएटा, वाकोआ या भागात आपले लोक फार पूर्वीपासून आहेत. हेन्रिएटात १८९६ साली गणेशोत्सव सुरू झाल्याचे सांगतात, म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक उत्सवानंतर तीनच वर्षांनी. आता गणेशचतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावाने नाचली जाते. घरात बोलणे मात्र क्रिओलमध्ये, मराठी शाळेत विषय म्हणून शिकायची. आडनावे ऐकून गोंधळू नका. नोंदणी करणाऱ्या कारकुनाने आजोबांच्या आजोबांचे जे नाव कानाला लागले तसे लिहिले आणि बऱ्याच घरांत तेच आडनाव झाले.

त्यांना एक प्रश्न कृपा करून विचारू नका: “तुम्ही अजून मराठी बोलता?” पुण्याचा पाहुणा आपल्याकडे येऊन हाच प्रश्न विचारतो आणि वर कौतुकाने मान डोलावतो, तेव्हा आपल्याला काय वाटते ते आठवा. त्यापेक्षा विचारावे: तुमची माणसे कोणत्या मळ्यावर होती? त्यांचा नंबर माहीत आहे का?

नंबर म्हणजे आप्रवासी क्रमांक. मोका इथे १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जिल्हा. १८६० नंतरच्या दशकापासून पुष्कळांची छायाचित्रेही. त्यावरून वंशज आपले मूळ शोधू शकतात आणि शोधतात. त्यामुळे मार ओ सोंजमधल्या माणसांची नावे कोणी लिहूनच ठेवली नाहीत असे म्हणता येत नाही. सरकारने ती त्यांची खूण पटावी म्हणून, धरता यावे म्हणून, बारकाईने लिहिली. शास्त्राने लिहिली नाहीत. हाडे एका शहरात, वह्या दुसऱ्या गावात, आणि या दोहोंना जोडणारा एक कागद नाही.

मोका पोर्ट लुईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून फार दूर नाही. बस तिथे सहसा थांबवत नाहीत, पण गटातल्या सगळ्यांनी मिळून सांगितले तर थांबवतात. संस्थेत मजुरांच्या जीवनाचे छोटे संग्रहालय आहे. तिथे त्या छायाचित्रांसमोर थोडा वेळ थांबा. बहुतेक चेहरे थेट तुमच्याकडे बघत असतात. फोटो कशासाठी काढला जातो आहे, हे त्यांना माहीत होते.