मायक्रोग्लिया: मेंदूचे पहारेकरी कुठून येतात आणि त्यांना वीज कशाला लागते?

मेंदू म्हटला की आपल्याला चेतापेशी आठवतात. पण त्यांच्या आजूबाजूला मायक्रोग्लिया नावाच्या छोट्या, फांद्या फुटलेल्या पेशीही पसरलेल्या असतात. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत त्यांचे प्रमाण एकूण पेशींच्या साधारण ५ ते १५ टक्के असते. मेलेल्या पेशी गिळणे, जंतूंशी लढणे आणि मेंदूची वाढ होत असताना चेतापेशींमधले नको असलेले जोड काढून टाकणे, ही त्यांची मुख्य कामे. गंमत म्हणजे मेंदूची राखण करणाऱ्या या पेशी मुळात मेंदूच्या नाहीतच.

शोध कोणी लावला?

स्पेनमधील शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी माद्रिद येथे चांदीचा क्षार वापरून पेशी रंगवण्याची नवी पद्धत तयार केली. त्यामुळे या पेशी इतरांपासून वेगळ्या दिसू लागल्या. १९१९ मध्ये त्यांनी या पेशींना मायक्रोग्लिया हे नाव दिले. चेतापेशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरापासून तयार होतात. मायक्रोग्लिया मात्र मधल्या थरातून येतात आणि वाढत्या मेंदूत बाहेरून शिरतात, असे त्यांचे म्हणणे होते.

मग त्या येतात कुठून?

यावर अनेक दशके वाद चालला. काहींच्या मते त्या मेंदूतच तयार होत, तर काहींच्या मते अस्थिमज्जेत तयार झालेल्या रक्तपेशी मेंदूत येऊन मायक्रोग्लिया बनत. २०१० मध्ये फ्लोरां जिनू, मिरियम मेराद आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या भ्रूणात, गर्भधारणेनंतर सुमारे सातव्या दिवशी, त्यांनी ठरावीक पेशींवर कायमची जनुकीय खूण केली. पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूतील मायक्रोग्लियांवर तीच खूण सापडली.

भ्रूणात इतक्या लवकर रक्तपेशी तयार होतात त्या योक सॅकमध्ये, म्हणजे भ्रूणाला जोडलेल्या पीतक पिशवीत. अस्थिमज्जा तेव्हा तयारही झालेली नसते. तिथल्या आदिम पेशी मेंदूत पोहोचतात, वसाहत करतात आणि पुढे स्वतःचे विभाजन करून आपली संख्या टिकवतात. निरोगी मेंदूला त्यासाठी रक्तातून नव्या पेशींची कुमक लागत नाही.

वीज कशासाठी?

प्रत्येक जिवंत पेशीच्या पटलावर थोडा विद्युतदाब असतो. विश्रांत चेतापेशीत तो सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो आणि ती विजेचे ठोके पाठवून निरोप देते. मायक्रोग्लिया असे ठोके पाठवत नाहीत. त्यांचा विद्युतदाब चेतापेशीपेक्षा कमी ऋण असतो आणि त्याचा उपयोगही वेगळा आहे.

हा दाब मुख्यतः पोटॅशियम आयन बाहेर झिरपू देणाऱ्या सूक्ष्म वाटांवर अवलंबून असतो. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. यातले थिक-१ नावाचे चॅनेल मायक्रोग्लियात महत्त्वाचे आहे, हे लंडनमधील डेव्हिड ॲटवेल यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. हे चॅनेल बंद केल्यावर विद्युतदाब बदलला, पेशीच्या फांद्या आखडल्या आणि आसपासची टेहळणी कमी झाली. मात्र इजा झालेल्या जागेकडे फांद्या पूर्वीसारख्याच धावल्या. म्हणजे रोजची गस्त आणि संकटातली धाव या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत.

दाह सुरू करणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे रसायन सोडण्यासाठीही पोटॅशियम बाहेर जावे लागते. जिवाणूंच्या आवरणातील रेणूंशी संपर्क आला की मायक्रोग्लियात केव्ही १.३ हे दुसरे पोटॅशियम चॅनेल वाढते. चॅनेलांचा संच बदलला की पेशीची वागणूकही बदलते.

याचा आजारांशी काय संबंध?

ट्रेम-२ हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियांत काम करते. त्याच्या एका दुर्मीळ प्रकारामुळे अल्झायमरचा धोका वाढतो, असे २०१३ मध्ये आढळले. बिघडलेल्या पहारेकऱ्यांना शांत कसे करायचे, हाही औषध संशोधनातला एक प्रश्न आहे. आयन चॅनेल हे त्यासाठी एक लक्ष्य आहे. पण इथेच पेच आहे. थिक-१ बंद केले तर दाह कमी होऊ शकतो, पण गस्तही मंदावते. आग विझवताना पहारा उठणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

थोडक्यात

मायक्रोग्लिया पीतक पिशवीतून मेंदूत आलेल्या आणि तिथेच स्थायिक झालेल्या पेशी आहेत. चेतापेशींसाठी वीज ही निरोपाची भाषा आहे. मायक्रोग्लियांसाठी ती फांद्या पसरून गस्त घालण्याचे आणि दाह सुरू करण्याचे साधन आहे.