सॉफ्टवेअर वास्तुशैलींचा उदय : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरच्या वास्तुशैली बहुधा एका यादीच्या स्वरूपात शिकविल्या जातात. स्तररचना, नलिका-गाळणी रचना, सामायिक साठ्याची रचना अशी नावे, प्रत्येकीची आकृती आणि गुणदोष विद्यार्थी पाठ करतात. परंतु यांतील प्रत्येक शैली एका विशिष्ट काळातील विशिष्ट अडचणीतून जन्मास आली आहे. ती अडचण दृष्टिआड झाली म्हणजे शैलीचे केवळ नाव शिल्लक राहते. या शैलींचा १९६८ ते २०१४ या काळातील प्रवास पाहून त्यामागील कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात संगणकाची क्षमता वाढली, तशी आज्ञावलींची लांबी व गुंतागुंतही वाढली. मोठे प्रकल्प वेळेत पूर्ण होईनात आणि पूर्ण झालेल्यांत दोष आढळू लागले. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुरस्काराने भरलेल्या परिषदेत या प्रश्नाची उघड चर्चा झाली व ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा रूढ होण्यास चालना मिळाली.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील एड्सगर डायक्स्ट्रा यांनी आपल्या कार्यप्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रक्रियकाचे वाटप सर्वांत खालच्या स्तरावर, त्यावर स्मृतीचे व्यवस्थापन आणि वरच्या बाजूस वापरकर्त्यांच्या आज्ञावली, अशी तिची मांडणी होती. प्रत्येक स्तर केवळ आपल्या खालच्या स्तरांवर विसंबून असल्यामुळे प्रणालीची तपासणी एकेक स्तर घेऊन करता येत असे. स्तररचनेचे मूळ प्रयोजन असे तपासणीच्या सुलभतेत होते.

नलिका-गाळणी रचनेची कथा निराळी आहे. बागेतील पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तशा आज्ञावली एकमेकींस जोडता याव्यात, अशी कल्पना बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात मांडली होती. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्स प्रणालीत प्रत्यक्षात आणली. एका आज्ञावलीचे फलित दुसरीचे आदान होऊ लागल्याने लहान लहान साधनांतून मोठे काम उभे करणे शक्य झाले.

एक उदाहरण, अनेक रचना

शैलींची तुलना कशी करावी, याचा धडा डेव्हिड पार्नास यांच्या १९७२ मधील निबंधाने घालून दिला. त्यांनी घेतलेले उदाहरण ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित असलेल्या शब्दानुक्रम सूचीचे होते. ‘मराठी भाषेचा इतिहास’ या शीर्षकातील शब्द फिरविल्यास ‘भाषेचा इतिहास मराठी’ व ‘इतिहास मराठी भाषेचा’ अशा ओळी मिळतात. अशा सर्व ओळी वर्णानुक्रमे लावल्या की सूची तयार होते. हे काम पायऱ्यांनुसार विभागण्यापेक्षा, जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एकेका घटकात झाकून ठेवावा, असे पार्नास यांनी प्रतिपादिले.

पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातील डेव्हिड गार्लन व मेरी शॉ यांनी हेच उदाहरण चार शैलींत सोडवून दाखविले. त्यांचा निबंध १९९४ मध्ये विद्यापीठाच्या अहवालरूपानेही प्रसिद्ध झाला. सामायिक माहितीची रचना वेगवान ठरते, परंतु माहितीची मांडणी बदलताच सर्व घटकांस हात लावावा लागतो. अमूर्त माहितीप्रकारांची रचना हा बदल सहज पेलते. नलिका-गाळणी रचनेत नवी पायरी घालणे सोपे, मात्र वापरकर्त्याने मधेच एखादी ओळ वगळू म्हटल्यास ती अपुरी पडते. सर्व निकषांवर श्रेष्ठ अशी शैली त्यांत एकही नाही, हे या तुलनेचे खरे फलित होय.

कारणमीमांसेचे स्थान

ड्यूएन पेरी व अलेक्झांडर वुल्फ यांनी १९९२ मध्ये वास्तुरचनेची तीन अंगे सांगितली : घटक, त्यांचा आकृतिबंध आणि कारणमीमांसा. यांपैकी पहिली दोन अंगे आकृतीत दिसतात, तिसरे दिसत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या प्रणालीत मूळ रचनाकार निघून जातात, नवे लोक कारण न जाणता बदल करतात आणि रचनेची झीज होते, हा धोकाही त्यांनी नोंदविला.

रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात हीच दृष्टी पुढे नेली. जागतिक महाजालाची ‘रेस्ट’ ही शैली त्यांनी निर्बंधांची एक मालिका म्हणून मांडली आणि प्रत्येक निर्बंधाने काय साधते व काय गमवावे लागते, हे स्पष्ट केले. २०१४ मध्ये जेम्स लुइस व मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे ‘मायक्रोसर्व्हिसेस’ ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. प्रत्येक सेवा स्वतंत्रपणे बदलता व कार्यान्वित करता यावी, हा तिचा हेतू. त्याची किंमत म्हणजे जाळ्यावरून होणाऱ्या संदेशवहनातील विलंब व बिघाड. ज्या संस्थेस अशा स्वातंत्र्याची गरज नाही, तिच्या वाट्यास केवळ ही किंमत येते.

निष्कर्ष

वास्तुशैलींचा इतिहास हा जुन्या शैली टाकून नव्या स्वीकारण्याचा इतिहास नव्हे, कारण स्तर आणि नलिका आजही वापरात आहेत. कोणता बदल सुलभ व्हावा आणि त्यासाठी कोणती गैरसोय पत्करावी, या निवडीचा तो इतिहास आहे. म्हणून अध्यापनात शैलीच्या व्याख्येपूर्वी तिला जन्म देणारी अडचण मांडली जावी आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालात आकृतीबरोबर निवडीचे कारणही लिहून घेतले जावे. आकृती पाहून रचनेची नक्कल करता येते. परंतु ती केव्हा बदलावी, हे ठरविण्यास तिचे कारण माहीत असावे लागते.