धारेची जबाबदारी

बलुतेदारीच्या काळी इंदापूर परगण्यात व बारामतीच्या पंचक्रोशीत रयतेला विळ्या-कुऱ्हाडीच्या धारेची विवंचना फारशी नसे. लोहार भट्टीत पाते तापवून, ठोकून, त्याला पाणी देई आणि सुगीला खळ्यावरील धान्यातून आपला हक्क वसूल करी, तर शिकलगार लाखेत कुरुंदाची पूड बसवलेल्या फिरत्या सहाणेवर शस्त्रे पाजळीत. परंतु १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला, ऊस पसरला, १९३०च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि कोयत्याची धार फडातच, तोडणाऱ्याच्या स्वतःच्या हाती आली. पण स्वतः धार लावताना कानस पोलाद झपाट्याने खाते, वेगवान चाक घर्षणाच्या उष्णतेने पात्याचे पाणी उतरवते. म्हणून नवशिक्याने प्रथम ओल्या, सपाट दगडावर, कोन न बदलता, संथपणे हात बसवावा, हेच श्रेयस्कर.